गुरुजी, औषध खरं निघालं तरी शेअर बुडू शकतो

मागच्या रविवारी सकाळी गुरुजी घरी आले. आठवी ते दहावी मला गणित शिकवलेले, आता निवृत्त. चहा झाला, पावसाचा विषय झाला, आणि मग त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जपून ठेवलेलं एक कात्रण बाहेर काढलं.

"ही बातमी तूच लिहिलीस ना?"

बातमी माझीच होती. दोनेक वर्षांपूर्वीची, नावानिशी छापलेली. एका छोट्या बायोटेक कंपनीची, जिचं नाव इथं घेत नाही. मथळा असा की कॅन्सरवर नवं औषध येतंय आणि परिणाम उत्साहवर्धक आहेत. कंपनीचा शेअर सध्या रोज अप्पर सर्किटला लागतोय, आणि तेच कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतंय. गुरुजींच्या मुलानं डिमॅट उघडून दिलंय. ग्रॅच्युइटीतले चार लाख पोस्टात आहेत, ते काढून यात टाकावेत असा विचार.

"तू लिहिलंयस म्हणजे तपासूनच लिहिलं असशील. घेऊ का?"

मंडळी, खरं सांगतो, तोंडातून शब्द फुटेना. कारण ती बातमी मी तपासली नव्हती. प्रेसनोट आली होती, पान सोडायची वेळ झाली होती. प्रेसनोटच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की हे निष्कर्ष प्राण्यांवरच्या प्रयोगांतले आहेत. जागा कमी पडत होती म्हणून तो परिच्छेद मीच उडवला होता.

गुरुजींना म्हटलं, मला आठ दिवस द्या. या आठ दिवसांत जुनं खूप वाचलं. अमेरिकेत हा खेळ ४५ वर्षं चाललाय, आणि आपल्याकडे आत्ता जे चाललंय ते तिथं सगळं होऊन गेलंय. गुरुजींना जे सांगितलं तेच इथं लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात जेनेनटेकपासून करावी लागते. १९७६ साली रॉबर्ट स्वॅन्सन नावाचा एक तरुण गुंतवणूकदार सॅन फ्रान्सिस्कोत हर्बर्ट बॉयर या शास्त्रज्ञाला भेटायला गेला. वेळ दहा मिनिटांची मिळाली होती, गप्पा बिअरच्या साथीनं तीन तास चालल्या. दोघांनी पाचपाचशे डॉलर घातले आणि कंपनी सुरू झाली. १९७८ मध्ये त्यांच्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून तयार करून घेतलं.

१४ ऑक्टोबर १९८० रोजी जेनेनटेकचा शेअर बाजारात आला. भाव ठेवला होता ३५ डॉलर. तासाभरात तो ८८ वर गेला, आणि दिवस संपताना ७० च्या आसपास स्थिरावला. आता गंमत बघा, त्या दिवशी कंपनीच्या नावावर दुकानात विकलं जाणारं एकही औषध नव्हतं. इन्सुलिनला परवानगी मिळाली १९८२ मध्ये, आणि तेही विकत होती एली लिली. जेनेनटेकनं स्वतः विकलेलं पहिलं औषध १९८५ चं, वाढीचं हार्मोन.

म्हणजे पहिल्या दिवसापासून या धंद्यात लोक औषध विकत घेत नाहीत, औषधाची आशा विकत घेतात. आशा विकत घेणं हा काही गुन्हा नाही. शेतकरी बी पेरतो तेव्हा तेच करतो. पण शेतकऱ्याला बियाण्याचा दर माहीत असतो, पाणी किती आहे ते माहीत असतं आणि पीक यायला किती महिने लागतात तेही माहीत असतं. शेअर घेणाऱ्याला यातलं काय माहीत असतं, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट माझ्या वर्मी लागणारी आहे.

बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात जुडा फोकमन नावाचे सर्जन होते. त्यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की कॅन्सरची गाठ वाढायला तिला रक्त लागतं. त्यासाठी ती स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, त्या वाहिन्या तोडल्या की गाठ उपाशी मरेल. बरीच वर्षं त्यांना कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत एंडोस्टॅटिन आणि अँजिओस्टॅटिन अशी दोन प्रथिनं सापडली, आणि उंदरांमधल्या गाठी विरघळल्या. ही प्रथिनं औषध म्हणून आणायचे हक्क मेरीलँडमधल्या एन्ट्रेमेड नावाच्या छोट्या कंपनीकडे होते.

उंदरांवरचा हा निष्कर्ष नोव्हेंबर १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. 'न्यूयॉर्क टाइम्स'नंही तेव्हा आतल्या पानावर त्याची बातमी दिली. शेअर थोडा हलला, विषय संपला.

मग ३ मे १९९८ चा रविवार आला. त्याच 'न्यूयॉर्क टाइम्स'नं त्याच संशोधनावर पहिल्या पानावर मोठी बातमी केली. शुक्रवारी १२ डॉलरला बंद झालेला एन्ट्रेमेडचा शेअर सोमवारी ८५ ला उघडला आणि ५२ च्या आसपास बंद झाला. पाच महिन्यांत नवीन काय घडलं होतं? विज्ञानात जवळपास काहीच नाही. बदललं होतं पान. आतल्या पानावरची बातमी पहिल्या पानावर आली, आणि कंपनीची किंमत एका दिवसात चौपट झाली. पुढे कोलंबिया विद्यापीठातल्या दोघा अभ्यासकांनी यावर अख्खा शोधनिबंध लिहिला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं सार एवढंच, की नवी माहिती काहीही नसताना भाव उडाला.

त्या बातमीत उंदरांचा उल्लेख स्पष्ट होता. सावध करणारी वाक्यंही होती. खुद्द फोकमन सांगत होते की तुम्ही उंदीर असाल तर आम्ही तुमचा कॅन्सर बरा करू शकतो. लोकांनी ते वाचलं आणि तरीही शेअर घेतला. त्यांच्या बातमीत उंदीर होता, माझ्या बातमीत तर मी तोही ठेवला नव्हता.

नोव्हेंबर १९९८ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं छापलं की दुसऱ्या प्रयोगशाळांना फोकमन यांच्यासारखे निकाल मिळत नाहीयेत. एका दिवसात शेअर २४ टक्के पडला. पुढे माणसांवरच्या चाचण्यांमध्येही ही औषधं अपेक्षेला उतरली नाहीत, आणि काही वर्षांनी एन्ट्रेमेडनं ती सोडून दिली.

पण फोकमन चुकले होते का? इथं थोडं थांबा, याचं उत्तर पुढं येतंय.

तिसरी गोष्ट इमक्लोनची. न्यूयॉर्कची कंपनी, सॅम्युअल वॅक्सल आणि त्यांचे भाऊ हार्लन यांनी १९८४ मध्ये काढलेली. त्यांचं औषध अर्बिटक्स, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचं. मे २००१ मध्ये कॅन्सरतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी आकडे मांडले. केमोथेरपीला दाद न देणाऱ्या सुमारे १२० रुग्णांना अर्बिटक्स आणि केमोचं औषध एकत्र दिलं, आणि २२.५ टक्के रुग्णांच्या गाठी बऱ्यापैकी आकसल्या.

सगळीकडे वाहवा झाली. सप्टेंबर २००१ मध्ये ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या बलाढ्य कंपनीनं इमक्लोनशी दोन अब्ज डॉलरचा करार केला. त्यातल्या एका अब्जाचे इमक्लोनचे शेअर घेतले, ७० डॉलर भावानं. आपल्यासारखा माणूस काय म्हणेल? एवढी मोठी कंपनी, पदरी शेकडो शास्त्रज्ञ, ते ७० देतायत म्हणजे त्यांनी बघितलंच असेल की!

२८ डिसेंबर २००१, शुक्रवार. अमेरिकेच्या एफडीएनं इमक्लोनचा अर्ज तपासायलाच नकार दिला. औषध नाकारलं असं नव्हे, अर्ज तपासण्याच्या लायकीचा नाही असं कळवलं. मुख्य अडचण अशी की सगळ्याच रुग्णांना दोन्ही औषधं एकत्र दिली होती. मग गाठी अर्बिटक्समुळं आकसल्या की दुसऱ्या औषधामुळं, हे कळणार कसं? तुलनेला दुसरा गट नव्हता. हे रुग्ण आधीच्या केमोला खरोखरच दाद देत नव्हते का, याच्या नोंदीही धड नव्हत्या.

गुरुजींना हे सांगत होतो तेव्हा ते मधेच म्हणाले, "म्हणजे उत्तर लिहिलं होतं, रीत दाखवली नव्हती. मी शून्य द्यायचो." अगदी तेच. एफडीएनंही तेच केलं.

आणि नकार येतोय ही कुणकुण आत लागलीच होती. आदल्या दिवशी, २७ डिसेंबरला, वॅक्सल यांच्या मुलीनं सुमारे २५ लाख डॉलरचे शेअर विकले. टीव्हीवर घर आणि स्वयंपाकाचे कार्यक्रम करणाऱ्या प्रसिद्ध मार्था स्टुअर्ट यांनीही त्याच दिवशी आपले ३,९२८ शेअर विकले. त्यातून त्यांचा ४५ हजार डॉलरच्या आसपास तोटा टळला. त्या रकमेपायी पुढे खोटं बोलल्याबद्दल आणि तपासात अडथळा आणल्याबद्दल त्यांना पाच महिने तुरुंगात काढावे लागले. वॅक्सल यांना सात वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली.

कंपनीनं जाहीरपणे सांगितलं ते सौम्य भाषेत, की कागदपत्रांच्या त्रुटी आहेत, दुरुस्त होतील. खरं पत्र बाहेर काढलं ते कुठल्या मोठ्या पेपरनं नाही. 'द कॅन्सर लेटर' नावाचं वॉशिंग्टनमधलं एक छोटं साप्ताहिक पत्रक आहे. त्यांनी जानेवारी २००२ च्या पहिल्याच आठवड्यात एफडीएच्या पत्रातला मजकूर छापला, आणि मग लोकांना कळलं की मामला किरकोळ त्रुटींचा नाही. शेअर कोसळत गेला, २००२ च्या मध्यापर्यंत दहा डॉलरच्या खाली आला.

छोट्या पत्रकार मंडळींनो, हे लक्षात ठेवा. मोठ्या पेपरच्या पहिल्या पानानं फुगा फुगवला आणि छोट्या पत्रकानं मूळ कागद दाखवला, हे दोन्ही चार वर्षांच्या आत घडलंय. फरक पेपरच्या आकाराचा नव्हता. कागद कुणी मागून बघितला, एवढाच होता.

आता उत्तर.

फेब्रुवारी २००४. १२ तारखेला एफडीएनं अर्बिटक्सला मंजुरी दिली. बरोबर दोन आठवड्यांनी, २६ तारखेला, अव्हॅस्टिन नावाच्या औषधाला मंजुरी दिली. अव्हॅस्टिन गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतं. म्हणजे फोकमन यांचीच कल्पना! पण औषध एन्ट्रेमेडचं नव्हतं, जेनेनटेकचं होतं. त्यांच्या नेपोलिओने फेरारा या शास्त्रज्ञानं १९८९ पासून वेगळ्या वाटेनं त्यावर काम केलं होतं.

म्हणजे फोकमन बरोबर होते, आणि ८५ डॉलरला एन्ट्रेमेड घेणारा बुडाला. अर्बिटक्स खरं औषध निघालं, आणि ७० डॉलरला इमक्लोन घेऊन १० ला घाबरून विकणाराही बुडाला. विज्ञान जिंकलं तरी शेअरवाला हरू शकतो. टिप देणारा हे कधीच सांगत नाही. त्याचं सगळं बोलणं औषध किती भारी आहे याच्यावरच असतं.

अर्बिटक्स मंजूर झालं ते कशावर? जर्मनीच्या मेर्क कंपनीनं युरोपात ३२९ रुग्णांवर नवी चाचणी घेतली. एका गटाला दोन्ही औषधं, दुसऱ्या गटाला एकटं अर्बिटक्स. दोन्ही औषधांच्या गटात २२.९ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या, एकट्या अर्बिटक्सवर १०.८ टक्के. आकडा बघा, २००१ मध्ये २२.५ आणि आता २२.९. उत्तर जवळपास तेच होतं, या वेळी रीत दाखवली होती.

अव्हॅस्टिनची चाचणी ८१३ रुग्णांची. सगळ्यांना केमो, निम्म्यांना सोबत अव्हॅस्टिन. केमोवाल्यांचं मध्यम आयुर्मान १५.६ महिने, अव्हॅस्टिनवाल्यांचं २०.३. म्हणजे पावणेपाच महिने जास्त. जगभर गाजलेल्या औषधाचा हा खरा हिशोब. आमच्या बातम्यांत 'रामबाण', 'संजीवनी' असं वाचता ना, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. ज्याच्या घरात कॅन्सर आहे त्याला पावणेपाच महिने फार मोठे असतात, ते मी कमी लेखत नाही. पण रामबाण तो नव्हे.

आणि शेवट ऐका. २००८ मध्ये एली लिलीनं इमक्लोन साडेसहा अब्ज डॉलरला विकत घेतली. शेअरला भाव दिला ७० डॉलर. ब्रिस्टलनं २००१ मध्ये दिला होता तोच! सात वर्षं, मधे तुरुंगवाऱ्या, १० डॉलरचा तळ, खरं ठरलेलं औषध, आणि हातात मुद्दल. जेनेनटेकचे उरलेले शेअर २००९ मध्ये रोशनं जवळपास ४७ अब्ज डॉलरला घेतले. तिथं लोकांनी पैसा केला हेही खरं. पण ती कंपनी तगली कशी? सुरुवातीला लिलीसारख्यांच्या करारांचा आधार, १९९० मध्ये रोशनं दोन अब्जांवर रक्कम देऊन घेतलेला बहुसंख्य हिस्सा, आणि एक औषध अडलं तर हाताशी दुसरी औषधं. अव्हॅस्टिनसुद्धा २००२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या चाचणीत अपयशी ठरलं होतं. छोटी, एकाच औषधावरची कंपनी असती तर तिथंच बसली असती.

यातून गुरुजींना मी तीन प्रश्न काढून दिले. तुम्हीही वहीत लिहून ठेवा.

पहिला, रीत दाखवलीय का? चाचणी उंदरावर की माणसावर, किती माणसांवर, आणि कशाच्या तुलनेत? माणसांवरच्या चाचणीत शिरलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच शेवटी दुकानापर्यंत पोचतं, म्हणून हा प्रश्न पहिला. आपल्याकडे आयसीएमआरची क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री आहे. २००९ पासून औषधाच्या चाचणीची नोंद तिथं बंधनकारक आहे. फुकट बघता येते, औषधाचं किंवा कंपनीचं नाव टाकायचं. नाव नसेल तर कंपनीला विचारायचं, का नाही?

दुसरा, पैसा किती महिने पुरेल? समजा कंपनीकडे ३० कोटी रोख आहेत आणि दर तिमाहीला ६ कोटी खर्च होतायत. म्हणजे पाच तिमाही, सव्वा वर्ष. चाचणीचा निकाल यायला तीन वर्षं असतील तर मधे कंपनी नवे शेअर काढणार, आणि तुमचा वाटा पातळ होणार. औषध खरं ठरेल तेव्हा तुमच्या ताटात आमटी राहील, पण पाणी घातलेली. हे आकडे ताळेबंदात असतात, बीएसईच्या वेबसाइटवर मिळतात. गणिताच्या मास्तरला दहा मिनिटांचं काम.

तिसरा, मला हा शेअर विकतोय कोण, आणि या भावात आशा आधीच किती भरलीय? सगळ्या बाजूंनी बातम्या चांगल्या असताना प्रवर्तक विकत असतील, किंवा शेअर गहाण टाकत असतील, तर बातमी बाजूला ठेवून ते आधी बघा. प्रवर्तकांचा हिस्सा आणि गहाण शेअर दर तिमाहीला जाहीर होतात.

मग आमच्या कंपनीचं काय? रजिस्ट्रीत त्या औषधाची नोंद मला सापडली नाही. कंपनीला तीन प्रश्न मेल केले, दोनदा फोन केला. "मॅनेजमेंट मीटिंगमध्ये आहे," एवढंच उत्तर. कंपनी खोटी आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण खरी आहे असं म्हणायलाही तो नव्हता, आणि ते मी छापून बसलो होतो.

गुरुजींनी सगळं ऐकलं, वहीत तीन ओळी लिहिल्या. ताळेबंद घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी फोन आला, "पैसे पोस्टातच राहू देत." मला हायसं वाटलं. तर पुढं म्हणाले, "माझं झालं. पण ते कात्रण अजून फिरतंय. त्याचं काय करणार तू?"

काल आमच्या पेपरात खुलासा छापून आलाय. सातव्या पानावर, पाच ओळी. तेव्हाची बातमी प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल होती आणि तसा उल्लेख राहून गेला होता, असं. मूळ बातमी पहिल्या पानावर होती. पहिल्या पानासाठी भांडलो, मिळालं नाही. म्हणून ही पोस्ट.

उद्या तो शेअर तिप्पट झाला तर गावातले चार लोक मला नावं ठेवतील, कदाचित गुरुजीही ठेवतील. ठेवू देत. पण ते कात्रण तुमच्या कुठल्या ग्रुपवर आलं, तर त्याच्या खाली ही पोस्ट टाका. एवढं माझ्यासाठी करा.